देवाच्या शपथेतून मत मोकळे करा : राज्य निवडणूक आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. राज्य निवडणूक आयुक्त,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

विषय : मतदारांकडून देवापुढे घेतल्या जाणाऱ्या शपथा आणि निकाल पडताळून पाहण्याचा मतदाराचा हक्क.

महोदय,



कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात आमचा विवेकवादी अभ्यासगट चालतो. शाळेतले शिक्षक, एक परिचारिका, एसटीतून निवृत्त झालेले वाहक, काही शेतकरी आणि कॉलेजात शिकणारी मुले असे आम्ही एकत्र आलो आहोत. वाचतो, वाद घालतो आणि सवड मिळेल तसे वाड्या-वस्त्यांवर जाऊन बुवाबाजीमागची हातचलाखी करून दाखवतो. नारळातून करणी कशी ‘काढतात’, मंत्र म्हणून अग्नी कसा पेटवतात, हे लोकांच्या समोर उलगडतो. निवडणूक हा आमचा विषय नव्हता. तो गावातल्या बायकांनी आमच्यापुढे आणला.

निवडणुकीच्या दिवसांत एका वाडीवर प्रयोग संपले, पोरे पांगली, आणि एक बाई सतरंजी गोळा करायला म्हणून मागे थांबली. इकडेतिकडे बघून तिने मला हळूच विचारले, “बाई, परवा राती भंडारा उचलाय लावला आमाला. अमक्यालाच मत देतो म्हणून. माझं मन दुसरीकडं हाय. दुसरं बटन दाबलं तर पोराला काय हुईल का?” मी सांगितले, काही होणार नाही. जबरदस्तीने घेतलेल्या शपथेला अर्थ नसतो, मत गुप्त असते. तिने सगळे ऐकून घेतले, मान हलवली आणि म्हणाली, “तुमी म्हणता ते खरं असंल. पर त्याच राती पोरगं तापानं फणफणलं, तर मी कुणाला इचारू?”

तिला आमचे म्हणणे कळले होते. तरीही पोराच्या जिवावर प्रयोग करायची तिची तयारी नव्हती, आणि कुठल्या आईची असेल? आमच्या शब्दामागे फक्त आम्ही होतो. तोच शब्द राज्य निवडणूक आयोगाच्या शिक्क्यानिशी, मतदानाच्या आधी, तिच्या दारापर्यंत पोचला असता तर त्याचे वजन वेगळे पडले असते. म्हणून हे पत्र आपल्याला.

आयुक्त महोदय, शपथेचा हा प्रकार कसा चालतो ते आधी मांडते. मतदानाच्या आदल्या एक-दोन रात्री भावकीतल्या कुणाच्या तरी सोप्यात किंवा देवळाच्या ओवरीत माणसे बोलावली जातात. ताटात भंडारा असतो, बेलाची पाने असतात, कुलदैवताचा फोटो किंवा टाक असतो. शेजारी मतदार यादीचा त्या भागाचा कागद घेऊन कार्यकर्ता बसलेला असतो. एकेक जण पुढे येतो, बेल-भंडारा उचलतो, ठरलेले वाक्य म्हणतो. नावापुढे खूण होते आणि हातात पाकीट पडते. कुठे भंडाऱ्याऐवजी गुलाल असतो, कुठे देवीची परडी, कुठे पोराच्या डोक्यावर हात ठेवायला लावतात. पाकिटाला गावात ‘लक्ष्मीदर्शन’ म्हणतात आणि त्याबद्दल सगळे उघड बोलतात. शपथेबद्दल मात्र कुणी बोलत नाही.

पैसे वाटण्यावर वर्तमानपत्रांत लिहिले जाते, भरारी पथके गाड्या तपासतात, रोकड पकडली की फोटो छापून येतात. हे सगळे हवेच. पण एक प्रश्न कुणी विचारत नाही. मतदान गुप्त असताना पैसे वाटणाऱ्याला खात्री कशाची वाटते? पाकीट घेतलेला माणूस पडद्याआड जाऊन कुठलेही बटण दाबू शकतो. गुप्त मतदानाची पद्धत आली तीच विकत घेणाऱ्याला मालाची खात्री देता येऊ नये म्हणून. शपथेने नेमकी तीच खात्री परत मिळवली आहे. सावकार कर्ज देताना तारण ठेवून घेतो, तसे इथे मतदाराची श्रद्धा आणि त्याच्या लेकरांची काळजी तारण म्हणून ठेवली जाते. त्याला ना कागद लागतो, ना साक्षीदार. वसुलीचे काम मतदाराच्या मनातली भीतीच करते. म्हणून आमचे ठाम मत आहे की शपथ सुटली तर पैसेवाटपाचे निम्मे बळ आपोआप जाईल. आणि शपथ तशीच राहिली, तर नाक्यानाक्यावर गाड्या तपासूनही पडद्याआडचे मत मोकळे होणार नाही.

यासाठी नवा कायदा मागायची गरज नाही. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ यातल्या कलम १२३(२) मध्ये ‘गैरवाजवी दडपण’ हा भ्रष्टाचार मानला आहे. अमुक केले तर देवाचा कोप होईल असे मतदाराला वाटायला लावणे हे त्यात स्पष्टपणे येते. तो कायदा लोकसभा-विधानसभेचा आहे हे आम्हाला ठाऊक आहे. पण भारतीय न्याय संहितेच्या कलम १७१ मध्ये हीच गोष्ट गुन्हा म्हणून लिहिली आहे. कलम १७४ मध्ये त्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. ही कलमे ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंतच्या निवडणुकांना लागू पडतात. जुन्या भारतीय दंड संहितेतही ही तरतूद होतीच. सर्वोच्च न्यायालयाने १९५९ साली राम दयाल विरुद्ध संत लाल या खटल्यात, धर्मगुरूच्या आदेशाने अनुयायांच्या मतांवर आणलेले दडपण गैरवाजवी ठरवले होते. तो निकाल पंजाबातल्या सिरसा मतदारसंघाचा, आजच्या हरियाणातल्या. मत देताना माणसाच्या मनावर देवाधर्माची दहशत नको, ही गोष्ट या देशाच्या कायद्याने प्रजासत्ताकाच्या पहिल्या दशकातच मान्य केली होती.

मग अडते कुठे? पहिली अडचण पोलीस ठाण्यात आहे. हा गुन्हा अदखलपात्र आहे. तक्रार घेऊन गेलेल्या माणसाच्या हातात एनसीची प्रत पडते आणि न्यायदंडाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय तपास पुढे सरकत नाही. तोवर मतदान, मोजणी आणि गुलाल सगळे उरकलेले असते. दुसरी अडचण त्याहून मोठी आहे. लाच देणारा आणि घेणारा दोघेही कायद्याने गुन्हेगार ठरतात. ज्या बाईने शपथ घेतली तिने पाकीटही घेतलेले असते, मनाने असो की सासऱ्याच्या धाकाने. ती तक्रार करायला गेली तर आधी तिचाच जबाब होईल, ही भीती तिला घातली जाते. देवाची भीती आणि पोलिसांची भीती यांच्या मधे ती अडकते आणि गप्प बसते. आयोगाला शपथेच्या तक्रारी येत नसतील, तर प्रकार घडत नाहीत असा त्याचा अर्थ कृपया काढू नये.

शपथेचे हे ओझे फक्त मतदारानेच वाहायचे असते, हे शेजारच्या गोव्याने सगळ्या देशाला दाखवले आहे. जानेवारी २०२२ मध्ये विधानसभा निवडणुकीपूर्वी काँग्रेसच्या उमेदवारांना पणजीच्या महालक्ष्मी मंदिरात, बांबोळीच्या क्रॉसपाशी आणि बेतीच्या दर्ग्यात नेऊन पक्ष न सोडण्याची शपथ देण्यात आली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्या पक्षाचे आठ आमदार भाजपमध्ये गेले. त्यांतले माजी मुख्यमंत्री दिगंबर कामत यांनी, आपण पुन्हा देवळात जाऊन देवाला विचारले आणि देवाने योग्य वाटेल ते करायला सांगितले, असे जाहीरपणे सांगितले. इथे कुठल्या एका पक्षावर बोट ठेवायचे नाही. शपथा देण्यात आणि मोडण्यात सगळे पक्ष सारखेच आहेत. सांगायचे एवढेच की माजी मुख्यमंत्र्यांना देवाकडे परत जाऊन शब्द सोडवून घेता येतो, आणि आमच्या वाडीवरची बाई मात्र पोराच्या तापाला घाबरून नको असलेले बटण दाबते. ही विषमता लोकशाहीला शोभणारी नाही.

म्हणून आमची पहिली मागणी. प्रत्येक निवडणुकीत आयोगाच्या मतदार जागृतीत तीन वाक्ये ठळकपणे यावीत. देवाची, देवाच्या वस्तूची किंवा मुलाबाळांची शपथ घालून मत मागणे हा गुन्हा आहे. अशा शपथेने मतदार कायद्याने बांधला जात नाही. आपण कुणाला मत दिले हे कुणालाही कळत नाही. ही वाक्ये मतदार चिठ्ठीच्या पाठीमागे छापावीत, ग्रामपंचायतीच्या फलकावर आणि मतदान केंद्राच्या दारात लावावीत. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी दवंडी द्यावी, घंटागाडीच्या भोंग्यावरून आणि अंगणवाडीताई व आशाताईंच्या तोंडून ती घराघरांत जावीत. ‘मतदान करा, लोकशाही बळकट करा’ हे फलक आम्ही बरीच वर्षे वाचतो आहोत. टक्का वाढवण्याचे आवाहन चांगलेच आहे. पण भंडारा उचललेली बाईसुद्धा त्या टक्क्यात मोजली जाते.

त्याला जोडूनच दुसरी मागणी. दडपणाखाली पाकीट किंवा शपथ घेतलेल्या मतदाराने आपणहून तक्रार केली तर त्याला आरोपी न करता साक्षीदार मानावे, यासाठी आयोगाने गृह विभागाकडे आग्रह धरावा आणि पोलीस ठाण्यांना लेखी सूचना जाव्यात. तक्रार ऐकून घ्यायला तालुक्याला एक महिला अधिकारी असावी, तिचा फोन नंबर जाहीर असावा. शपथेच्या तक्रारीत न्यायदंडाधिकाऱ्यांची परवानगी त्याच दिवशी मागितली जावी. कायदा बदलून हा गुन्हा दखलपात्र करावा, अशी शिफारस आयोगाने राज्य सरकारमार्फत केंद्राकडे पाठवली तर आमच्यासारखे गट त्यासाठी सह्या गोळा करायला तयार आहेत.

तिसरी गोष्ट पदांच्या लिलावाची. या बाबतीत आपल्या आयोगाने दाखवलेला खंबीरपणा आम्ही विसरलेलो नाही. जानेवारी २०२१ मध्ये, मतदानाच्या तोंडावर, नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी या ग्रामपंचायतींची निवडणूक आयोगाने रद्द केली. सरपंच आणि सदस्य पदांची जाहीर बोली लावल्याचे उघड झाले होते. उमराण्यात बोली दोन कोटींच्या वर गेली होती आणि ती देवळाच्या कामाच्या नावाने होती. चित्रफीत बाहेर आली म्हणून कारवाई झाली. जिथे मोबाइल चालू नव्हता तिथे काय झाले असेल, हा प्रश्न आमच्या बैठकीत पुन्हा पुन्हा निघतो.

देवळाला देणगी देऊन पद घेणे याकडे गावात लाच म्हणून पाहिले जात नाही. ‘पैसा कुणाच्या खिशात गेला? देवाच्याच कामाला लागला ना?’ असे विचारले की समोरचा निरुत्तर होतो. पण ज्याच्याकडे बोली लावायला पैसा नाही, त्याचा उभे राहण्याचा हक्क त्या रात्री बुडतो आणि सगळ्या गावाचा मत देण्याचा हक्कही बुडतो. त्यात काही लोकप्रतिनिधी बिनविरोध होणाऱ्या गावांना विकासनिधीची बक्षिसे जाहीर करतात. एकोप्याने, मोकळेपणी झालेली बिनविरोध निवड आम्हाला मान्य आहे. मात्र तो एकोपा कसा झाला हे तपासायची रीत हवी. नोव्हेंबर २०१८ मध्ये आपल्या आयोगाने आदेश काढला की ‘नोटा’ला सर्वांत जास्त मते पडली तर फेरनिवडणूक घ्यावी. देशात ते पुढचे पाऊल होते. बिनविरोध निवडीत मतदाराला ते नोटाचे बटणही मिळत नाही. म्हणून आमची मागणी आहे की बिनविरोध जागा जाहीर करण्यापूर्वी माघार घेतलेल्या प्रत्येक उमेदवाराची निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांनी एकट्याने भेट घ्यावी, त्याचा लेखी जबाब नोंदवावा, आणि देवस्थान किंवा गावनिधीला त्या काळात मिळालेल्या मोठ्या देणग्यांचा तपशील मागवावा. निधीच्या बक्षिसांच्या घोषणा हा आमिषाचाच प्रकार मानावा.

देवदर्शनाच्या सहलींचेही तसेच आहे. नगरपालिका-महापालिकेची निवडणूक जवळ आली की प्रभागाप्रभागांतून बस सुटतात. शिर्डी, तुळजापूर, पंढरपूर, उज्जैन. जेवण, राहणे, ओटीचे सामान सगळे इच्छुकाकडून. आचारसंहिता लागण्याआधी हे उरकले जाते, त्यामुळे खर्चाच्या हिशेबात त्यातला एक रुपयाही दिसत नाही. ज्या म्हाताऱ्या बाईने आयुष्यात पहिल्यांदा उज्जैन पाहिले तिची कृतज्ञता खरी असते. त्या कृतज्ञतेचाच नंतर हिशेब मागितला जातो. निवडणुकीआधीच्या ठरावीक महिन्यांत इच्छुकाने मतदारांवर केलेला असा सामूहिक खर्च त्याच्या शपथपत्रात जाहीर करणे बंधनकारक व्हावे, ही आमची चौथी मागणी. लोकांना यात्रेला जाऊ नका असे आम्ही म्हणत नाही. कुणाच्या पैशाने गेलो, हे सगळ्यांना कळावे.

पाचवी गोष्ट करणी-भानामतीची. उमेदवाराच्या दारात हळदकुंकू वाहिलेले लिंबू, टाचण्या टोचलेली काळी बाहुली, विरोधकाचे नाव लिहिलेली चिठ्ठी सापडल्याच्या बातम्या दर निवडणुकीत येतात. लोक हसतात आणि विसरतात. पण ज्या घराकडे बोट दाखवले जाते त्याच्या वाट्याला बहिष्कार येतो. बहुतेक वेळा ते घर एखाद्या विधवेचे किंवा दुबळ्या समाजातल्या कुटुंबाचे असते. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. तो व्हावा म्हणून डॉ. नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षे झिजले, आणि २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाल्यानंतर तो वटहुकुमाच्या रूपाने आला. त्या कायद्याखालचे गुन्हे दखलपात्र आणि अजामीनपात्र आहेत. कायद्यात पोलीस निरीक्षक दर्जाच्या दक्षता अधिकाऱ्यांची तरतूद आहे. निवडणुकीच्या काळात जिल्ह्यात जी समन्वय बैठक होते तिला हे दक्षता अधिकारी हजर असावेत, आणि अशा प्रकारांत चोवीस तासांत गावात जाऊन लोकांशी बोलावे, एवढी सूचना आपल्या कार्यालयातून गेली तरी बराच फरक पडेल.

आता मोजणीबद्दल. इथे आमच्या गटात खूप वाद झाला. काहींचे म्हणणे होते की मतदान यंत्राच्या वादात आपण पडू नये, एका बाजूचा शिक्का बसेल. काही म्हणाले, बाबाच्या अंगाऱ्याची तपासणी मागणाऱ्यांनी यंत्राची तपासणी मागायला लाजायचे कारण काय? शेवटी एका गोष्टीवर सगळ्यांचे एकमत झाले. पुराव्यावाचून यंत्रात घोटाळा आहे असे म्हणणे विवेकाला धरून नाही, आणि पडताळणीची सोय न देता ‘विश्वास ठेवा’ असे सांगणेही नाही. निवडणुकीचा निकाल हा श्रद्धेचा विषय होता कामा नये. हरलेल्या उमेदवाराच्या सामान्य कार्यकर्त्यालाही तो तपासून पटला पाहिजे.

नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा मतदानात संध्याकाळी पाचपर्यंतचा टक्का ५८.२२ होता आणि अंतिम ६६.०५. पाचनंतरच्या रांगा आणि आकडे उशिरा गोळा होणे असे त्याचे स्पष्टीकरण भारत निवडणूक आयोगाने दिले. ते खरे असू शकते. पण केंद्रावर मतदान संपताच किती मते पडली याचा नमुना १७-सी उमेदवारांच्या एजंटांना देतात, तो त्याच रात्री सर्वांसाठी खुला असता तर संशयाला जागा कुठे उरली असती? पुढे डिसेंबरमध्ये माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीच्या लोकांनी स्वतःच मतपत्रिकेवर मतदान घेऊन पाहायचे ठरवले आणि प्रशासनाने जमावबंदी लावून ते थांबवले. त्या चाचणीतून काही सिद्ध झाले असते असे आम्हाला वाटत नाही. गावाच्या डोळ्यांसमोर, गटातटाच्या दबावाखाली दिलेले दुसऱ्यांदाचे मत पहिल्या मताची पारख करू शकत नाही. पण लोकांच्या शंकेला बंदोबस्ताने उत्तर दिले की शंका वाढते, हे मात्र तिथे सिद्ध झाले.

ती विधानसभा निवडणूक आपल्या अखत्यारीतली नव्हती. आपल्याकडच्या निवडणुकांत मात्र मत कुणाला गेले ते दाखवणारी व्हीव्हीपॅटची चिठ्ठीही नसते. बहुसदस्यीय प्रभागात एक मतदार अनेक मते देतो, त्यासाठी तसे यंत्र उपलब्ध नाही, अशी अडचण सांगितली जाते. पण मुंबई महापालिकेचे प्रभाग एकसदस्यीय आहेत. सुरुवात तिथून का होऊ नये? आणि जिथे चिठ्ठी शक्य नाही तिथे दुसरी कोणती पडताळणी आहे, हे मतदाराला सोप्या मराठीत सांगितले जावे. संभाव्य दुबार नावांपुढे यादीत खूण करण्याची पद्धत आयोगाने २०२५ मध्ये आणली. ती आम्हाला याच कारणासाठी आवडली. शंका आली, आयोगाने ती कागदावर मांडली, आणि केंद्रावरच्या कुणालाही ती तपासता आली.

म्हणून सहावी मागणी. मतदान संपल्यावर प्रत्येक केंद्रावर पडलेल्या एकूण मतांचा आकडा त्याच रात्री केंद्राच्या दारावर लावावा आणि आयोगाने जाहीर करावा. मतदानापूर्वीचे अभिरूप मतदान एजंटांबरोबर गावातल्या चार सामान्य मतदारांनाही पाहू द्यावे. यंत्रे कुठे ठेवली, सील कुणी लावले, कुणी तोडले, याची नोंद मोजणीनंतर मागेल त्याला पाहता यावी.

इथे एक पेच आहे, तोही मोकळेपणाने मांडते. केंद्रनिहाय आकडे जितके उघड होतील तितकी पडताळणी सोपी होते. पण कुठल्या केंद्रावर कुणाला किती मते पडली हे कळले की लहान गावातल्या मतदाराची गुप्तता धोक्यात येते. शे-दोनशे घरांच्या वस्तीत कुणी ‘दगा’ दिला हे दुसऱ्या दिवशी नावानिशी बोलले जाते, आणि मग पाणंदीचा रस्ता किंवा पाण्याची लाइन त्या वस्तीपर्यंत येऊन थांबते. शपथ मोडल्याचा संशयही तिथेच घेतला जातो. अनेक यंत्रांची मते एकत्र मोजणारे ‘टोटलायझर’ हे यंत्र आहे. भारत निवडणूक आयोगाने ते सुचवले होते आणि विधी आयोगाने २०१५ च्या २५५ व्या अहवालात त्याची शिफारस केली होती. सरपंचपद, जिल्हा परिषद, महापालिका अशा जिथे अनेक केंद्रांची मते एका जागेसाठी असतात, तिथे एकूण आकडा केंद्रनिहाय आणि उमेदवारनिहाय मोजणी एकत्र, असा मार्ग निघू शकतो का? यावर आयोगाने जाहीर सुनावणी घ्यावी. तज्ज्ञ, पक्ष आणि आमच्यासारखे मतदार सगळ्यांना बोलू द्यावे. यात आम्हाला तयार उत्तर माहीत आहे असा दावा नाही. पण हा विषय बंद दाराआड ठरू नये, एवढा आमचा आग्रह आहे.

सातवी आणि शेवटची मागणी आमच्या कामाबद्दल आहे. मतदाराच्या मनातली भीती काढायची तर कुणीतरी त्याच्या अंगणात जाऊन बसले पाहिजे. महाराष्ट्राला ही रीत नवी नाही. सत्यशोधकांचे जलसे याच मातीत गावोगाव फिरले, गाडगेबाबांनी कीर्तनातून लोकांना प्रश्न विचारायला शिकवले. आम्ही त्याच वाटेने जायचा प्रयत्न करतो. पण मत गुप्त कसे राहते हे दाखवण्यासाठी आम्ही तालुक्याच्या एका कार्यालयात प्रात्यक्षिकाचे यंत्र आणि कर्मचारी मागायला गेलो, तेव्हा ‘हा राजकीय विषय आहे, तुम्ही तुमचे अंधश्रद्धेचे बघा’ असे सांगून आम्हाला परत पाठवले. एका गावात समाजमंदिराची किल्लीही मिळाली नाही. देवाची शपथ घालून मत मागणाऱ्यांना मात्र देवळाची ओवरी रात्री उघडी असते.

कोणत्याही पक्षाशी संबंध नसलेल्या स्थानिक गटांसाठी आयोगाने नियम करावेत. आमच्याकडून लेखी हमी घ्यावी की गटाचा एकही सदस्य त्या निवडणुकीत कुणाचा प्रचारक किंवा एजंट असणार नाही. आमच्या कार्यक्रमाला आयोगाचा माणूस हजर ठेवावा. आणि त्या बदल्यात प्रात्यक्षिकाचे यंत्र, सार्वजनिक जागा आणि आयोगाचे छापील पत्रक आम्हाला मिळावे. शाळा-कॉलेजांत होणाऱ्या रांगोळी आणि निबंध स्पर्धांपेक्षा अशा बैठकांचा उपयोग जास्त होईल, असा आमचा अनुभव आहे.

आयुक्त महोदय, एक गैरसमज होऊ नये म्हणून सांगते. आम्ही स्वतः देव मानत नाही, पण हे पत्र देव मानणाऱ्यांच्या विरोधात नाही. आमच्या गटातल्या बहुतेकांच्या घरी देव्हारा आहे, आमच्या आया वारीला जातात. आपला जोतिबा, आपला खंडोबा, आपली अंबाबाई ही दैवते कुण्या उमेदवाराच्या वसुलीसाठी वापरली जातात याचा राग आमच्याइतकाच त्यांनाही येतो. या प्रश्नावर आस्तिक आणि नास्तिक एका सतरंजीवर बसू शकतात. ते आम्ही आमच्या बैठकांत पाहिले आहे.

संविधानाच्या कलम ५१-क ने वैज्ञानिक दृष्टिकोन, मानवतावाद आणि जिज्ञासू वृत्ती वाढवणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य सांगितले आहे. कलम २४३-के ने पंचायतींच्या निवडणुकांची देखरेख आपल्या आयोगाकडे दिली आहे. आमचे कर्तव्य आणि आपला अधिकार यांची गाठ त्या पडद्याआडच्या बटणापाशी पडते. पुढच्या निवडणुकीची अधिसूचना निघण्यापूर्वी निदान पहिल्या मागणीवर आयोगाने निर्णय घ्यावा आणि तो जाहीर करावा. खर्च फार नाही, कायदा हाताशी आहे, आणि सांगायची वाक्ये तीनच आहेत. आयोगाचे पत्रक मिळाले तर आम्ही ते आमच्या तालुक्यातल्या प्रत्येक वाडीवर पोचवू. नाही मिळाले तर न्याय संहितेतले कलम हाताने लिहून घेऊन जाऊ. पण त्याखाली आपल्या आयोगाची सही असावी, अशी आमची मनापासून इच्छा आहे.

उत्तराच्या अपेक्षेत,

आपली विश्वासू,
एक मतदार आणि विवेकवादी अभ्यासगटाची कार्यकर्ती,
जिल्हा कोल्हापूर.